चित्र उचलण्यापूर्वी एक प्रश्न
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय तसा कायद्याचा आहे, पण सुरुवात मी एका बैलापासून करणार आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. धुळ्याच्या शाळेत तीस वर्षे मुलांना रंग कालवायला शिकवले आणि निवृत्तीनंतर जळगावला मुलाकडे राहायला आलो. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी घरचा एक बैल होता, सर्जा. त्याचे डावे शिंग लहानपणीच मोडलेले. तो गेल्यावर मी आठवणीतून त्याचे एक चित्र जलरंगात काढले. पोळ्याला सजवलेला, अंगावर लाल झूल, मागे गावचा नाला. सुनेने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. कोपऱ्यात माझी सही होती. चार जणांनी 'छान' म्हटले आणि विषय संपला, असे मला वाटले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सकाळी तोच सर्जा तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून माझ्या व्हॉट्सॲपवर आला. पण तो पुरता बदललेला होता. मागचा नाला जाऊन तेथे कपाशीचे हिरवेगार शेत आले होते. लाल झुलीवर एका कृषी दुकानाचे नाव होते. पायाशी कीटकनाशकाची बाटली उभी होती आणि वर 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. माझी सही नाहीशी झाली होती, मोडके शिंग मात्र तसेच होते.

मला वाईट वाटले, पण मी गप्प बसलो. पंधरा-वीस दिवसांनी गावाहून चुलतभावाचा फोन आला. "नाना, हाऊ बैल आपला सर्जाच शे ना?" मी हो म्हटले. तेव्हा कळले, की नानांनी चित्र काढून दिले म्हणजे दुकान खात्रीचे असणार, असे समजून त्याने तेथूनच चार हजारांचे औषध आणले होते आणि बोंडअळी काही हटली नव्हती. औषधात खोट होती की फवारणीला उशीर झाला, ते मला सांगता येणार नाही. पण मी त्या दुकानाची पायरीही कधी चढलो नव्हतो. तरी माझ्या भावाने माझ्या शब्दावर चार हजार रुपये घातले होते. तो शब्द मी दिलेलाच नव्हता. माझ्या चित्राच्या तोंडून तो कोणीतरी परस्पर वदवून घेतला होता.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागलो. दुसऱ्याचे चित्र घेऊन, त्यात फेरफार करून पुन्हा लोकांसमोर ठेवण्यापूर्वी चित्रकाराला का विचारायचे आणि कसे विचारायचे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

'नेटवर होते म्हणून घेतले'

ते चित्र कोणी तयार केले, याचा शोध घेतला, तेव्हा एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर काम करणारा विशीतला मुलगा निघाला. मी गेलो तेव्हा तो घाबरला. म्हणाला, "सर, गूगलवर 'पोळा' टाकलं तर हे चित्र वरच आलं. सही बाटलीच्या आड येत होती, म्हणून पुसली. मला वाटलं, नेटवरचं आहे म्हणजे कोणाचंच नाही."

तो मुलगा लबाड नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांचा जो समज आहे, तोच त्याचा होता. सगळ्यांना दिसते ते सगळ्यांचे, असे आपण धरून चालतो. आपल्या रावेर-यावलच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. कित्येक बागांना धड कुंपणही नसते. म्हणून कोणी गाडी थांबवून घड कापून नेतो का? बाग दिसते रस्त्यावरून, पण ती लावली कोणीतरी आहे, तिला पाणी दिले कोणीतरी आहे, हे आपल्याला न सांगता कळते. चित्राच्या बाबतीत तेवढे कळत नाही, कारण चित्रामागचा घाम दिसत नाही.

आपल्या चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस आठवा. या माणसाने उभे आयुष्य चाळीसगावच्या आपल्या घरात कलेची उपासना करण्यात घालवले. त्यांची 'टेबल टॉप' छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. लहान लहान वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश असा सोडायचा, की छायाचित्रात एखादा विस्तीर्ण देखावा उभा राहावा. पाहणाऱ्याला वाटते, कोठेतरी गेले आणि कळ दाबली. मांडणीत, प्रकाश जुळवण्यात आणि वाट पाहण्यात गेलेले तास त्या कागदावर उमटत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर तर सगळीच चित्रे सारखी भासतात. पाच मिनिटांत केलेली आणि पाच महिन्यांत केलेलीही अंगठ्याच्या एका झटक्यासरशी पुढे सरकतात.

आता कोणी विचारेल, केळीचा घड नेला तर बागेत एक घड कमी होतो. चित्राची नक्कल केली तर मूळ चित्र जागच्या जागीच राहते. मग चित्रकाराचे गेले काय? प्रश्न योग्य आहे. माझ्या मते तीन गोष्टी जातात. पहिली गोष्ट नाव. सही पुसली, की पाहणाऱ्याला चित्रकार कळत नाही आणि उद्या त्याच्याकडे येणारे काम येत नाही. दुसरी मोबदला. त्या दुकानदाराने फ्लेक्सचे पैसे दिले, छपाईचे दिले, संगणकावरच्या मुलाला पगार मिळाला. बैल ज्याने रंगवला, त्याला मात्र काही नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती म्हणजे अर्थ. मी सर्जाच्या आठवणीसाठी काढलेले चित्र औषधाच्या जाहिरातीसाठी उभे राहिले. माझ्या वाट्याला औषधाची बाटली आली, एवढ्यावरच भागले. उद्या कोणी एखाद्याच्या चित्रात झेंडा घालील, घोषणा लिहील, एखाद्या समाजाला टोचणारे वाक्य टाकील आणि लोक जाब विचारायला चित्रकाराच्या दारात येतील.

कायद्यात काय आहे?

आपल्या देशात यासाठी 'कॉपीराइट अधिनियम, १९५७' हा कायदा आहे. तो जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या सामान्य माणसाच्या उपयोगाच्या गोष्टी फार अवघड नाहीत.

चित्र, रेखाटन, शिल्प, छायाचित्र, नकाशा या सगळ्यांना हा कायदा 'कलाकृती' मानतो. ती उत्तम असलीच पाहिजे, अशी अट नाही. सातवीतल्या मुलीने काढलेले चित्रही कलाकृतीच. चित्र काढून झाले, की हक्क आपोआप जन्माला येतो. नोंदणीची सोय आहे, पण सक्ती नाही. चित्राखाली ते इंग्रजी वर्तुळातले 'सी' अक्षर नसले म्हणून चित्र बेवारस ठरत नाही. चित्राच्या प्रती काढणे, ते लोकांपर्यंत पोचवणे हे अधिकार हक्कदाराचे आणि संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवून ठेवणे हाही प्रती काढण्याचाच प्रकार, असे कायदा स्पष्ट सांगतो.

हा हक्क चित्रकाराच्या हयातीत असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती, ती १९९२ मध्ये वाढवण्यात आली. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकारालाही चित्रकाराप्रमाणेच हयात अधिक ६० वर्षे मिळाली.

उदाहरणे घेऊ, म्हणजे हिशेब समजेल. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रे आता सर्वांसाठी खुली आहेत. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी घराघरांत पोचलेले दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. ज्यांच्या देवादिकांच्या कॅलेंडरांनी आपल्या आई-आजीच्या भिंती सजल्या, ते रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले. तेथे २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. आणि केकी मूस ३१ डिसेंबर १९८९ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या रंगचित्रांचा हक्क २०४९ पर्यंत आहे. कागद पिवळा पडला म्हणून हक्क संपत नाही.

सणावाराला हमखास निघणारा मुद्दा असा, की देव तर सगळ्यांचाच, त्याच्या चित्राला कसली परवानगी? गणपती सगळ्यांचाच आहे. कानबाई, सप्तशृंगी सगळ्यांच्याच आहेत. कोणीही आपल्या मनातला गणपती काढावा. पण एखाद्या चित्रकाराने विशिष्ट रेषांत, विशिष्ट रंगांत उतरवलेला गणपती हे त्याचे काम आहे. देव सगळ्यांचा, चित्र चितारणाऱ्याचे.

काही सवलतीही आहेत. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी योग्य प्रमाणात वापर केला तर तो गुन्हा नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाने चित्र दाखवले तर तेही चालते. ही सवलत मी स्वतः आयुष्यभर वापरली. पण एक कबुली देतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मुळगावकरांच्या कॅलेंडरवरून चौकटी आखून मोठमोठे पडदे रंगवून घेतले. मुलांचा हात त्यातून तयार झाला, याचे समाधान आहे. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात मी शाळेचे नाव घातले, वर्गाचे घातले, माझेही घातले. मुळगावकरांचे कधी घातले नाही. तेव्हा ते सुचलेसुद्धा नाही. त्यामुळे त्या फ्लेक्सवाल्या मुलावर मला फार रागावता आले नाही.

'सौजन्य : इंटरनेट' पुरेसे नाही

अनेक जण प्रामाणिकपणे खाली लिहितात, 'सौजन्य : इंटरनेट' किंवा 'सौजन्य : गूगल'. गूगलने आजवर हातात कुंचला धरलेला नाही. ते चित्र सापडण्याचे ठिकाण झाले. पाकीट पोस्टमनने आणून दिले म्हणून पत्र पोस्टमनने लिहिले, असे आपण म्हणत नाही.

बरे, चित्रकाराचे खरे नाव लिहिले तर? ते चांगलेच, पण नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि 'ही शेजाऱ्याची आहे' अशी पाटी लावून गावभर फिरवली, तर शेजारी खूश होईल असे नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बदल. एखाद्याने 'चित्र लावा' म्हटले, म्हणजे 'कापा, रंग बदला, वर मजकूर टाका' असे म्हटलेले नसते. बदलासाठी वेगळे विचारावे लागते.

याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ चित्रकाराला दोन खास अधिकार देते. ही कलाकृती माझी आहे, असे सांगण्याचा एक. आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड किंवा फेरफार कोणी केला तर तो रोखण्याचा दुसरा. विशेष म्हणजे, कॉपीराइट विकून टाकला तरी हे अधिकार चित्रकाराकडेच राहतात.

या कलमाची ताकद शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात दिसली. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी कांस्याचे एक भव्य भित्तिशिल्प घडवले होते. सरकारने त्याचे पैसे दिले होते, म्हणजे वस्तू सरकारचीच. १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिल्पाचे अवशेष कलावंताला परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. प्रत्यक्ष सरकारला, आणि तेही विकत घेतलेल्या शिल्पाबाबत, न्यायालयाने जाब विचारला. मग फुकट उतरवून घेतलेल्या चित्राचे काय बोलावे!

बदल केला म्हणजे आपले झाले?

फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाने मला आणखी एक मुद्दा सांगितला होता. "सर, मी तसंच नाही टाकलं. शेत टाकलं, रंग बदलले. निम्मी मेहनत तर माझीच आहे." हा मुद्दा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि तोही एका जगप्रसिद्ध चित्रकाराच्या नावाने.

लिन गोल्डस्मिथ नावाच्या छायाचित्रकार बाईंनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचे एक छायाचित्र काढले. १९८४ मध्ये एका मासिकाला त्यावरून एकदाच चित्र करून छापण्याची परवानगी मिळाली, त्यापोटी गोल्डस्मिथबाईंना ४०० डॉलर आणि श्रेय मिळाले. ते चित्र अँडी वॉरहॉल यांनी केले. पण वॉरहॉल तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच छायाचित्रावरून त्यांनी आणखी १५ चित्रे केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारले, तेव्हा मासिकाच्या प्रकाशकांनी त्यांतले एक नारिंगी रंगाचे चित्र मुखपृष्ठावर छापले. वॉरहॉल यांच्या नावाच्या संस्थेला १०,२५० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथबाईंना ना पैसे मिळाले, ना नाव. प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी गोल्डस्मिथबाईंच्या बाजूने कौल दिला. मासिकात प्रिन्सचे चित्र म्हणून छापायला देणे, हेच तर त्या छायाचित्राचेही काम होते. नुसते रंगरूप बदलले म्हणून मूळ कलावंताचा हक्क बाजूला सारता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

अमेरिकेचा कायदा वेगळा आहे, तेथील निकाल आपल्याला बांधील नाही. पण वॉरहॉलसारख्याच्या कामाबाबत जे चालले नाही, ते आपल्या शुभेच्छापत्रात चालेल, असे कशाच्या बळावर म्हणायचे?

आज हा प्रश्न अधिकच वाढला आहे. फेरफार करायला आता हातात कसबही लागत नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात आपापले फोटो जपानच्या 'घिबली' स्टुडिओच्या चित्रांसारखे करून घेण्याची लाट आली होती, ती आपल्या घरातही आली असेल. स्वतःचा फोटो दिला तोवर निदान फोटो तरी आपला होता. पण दुसऱ्या कोणाचे काढलेले चित्र यंत्राला देऊन 'हे जरा बदलून दे' म्हणणे आणि ते आपले म्हणून मिरवणे, यात यंत्र नवे असले तरी प्रश्न जुनाच आहे. ते चित्र कोणाचे होते आणि त्याला विचारले का?

पैसे देणाऱ्याचे नाव राहिले

काही जण अजिंठ्याचे उदाहरण देतात. जळगावहून दीड-दोन तासांवर जगातली थोर चित्रकला आहे, तिच्यावर कोणा चित्रकाराचे नाव आहे का? मग आताच्यांनी सहीचा एवढा आग्रह कशाला धरावा?

अजिंठ्याला नावे अजिबात नाहीत, असे नाही. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. ते लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले, हे त्यावरून कळते. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव आहे. दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरली गेली आणि दीड हजार वर्षे टिकली. पद्मपाणीच्या पापण्या ज्याने रंगवल्या, त्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. आपल्याकडे चौकाचौकांतले फ्लेक्स पाहा. शुभेच्छुकांची नावे, फोटो, पदे सगळे असते. मधले चित्र कोणाचे, ते नसते. एवढ्या शतकांत आपण तेवढे तरी सुधारायला हवे होते. आणि अजिंठ्याच्या चित्रकाराने सही केली नव्हती, असे फार तर म्हणता येईल. ज्याने सही केली आहे, त्याची आपण आज पुसतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच खान्देशात आहे. बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हत्या. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः नावाजलेले कवी. आईच्या तोंडची गाणी त्यांच्या घरात उतरवून ठेवलेली होती. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. ती गाणी सोपानदेवांनी आपल्या नावावर खपवली असती, तरी जाब विचारायला कोण येणार होते? पण आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये जे पुस्तक निघाले, ते आईच्या नावाने निघाले. म्हणून आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. कर्त्याचे नाव कर्त्याला देण्याचे संस्कार आपल्याला परके नाहीत.

विचारायचे कसे?

आता व्यवहाराचे बोलू. आधी चित्रकार शोधावा. चित्राच्या कोपऱ्यात सही असते, ती मोठी करून पाहावी. गूगल लेन्ससारख्या सोयीने ते चित्र आणखी कोठे आहे, ते दिसते. त्यातले सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट चित्र बहुधा मूळ ठिकाणाजवळ नेते. चित्रकार सापडला, की साधा निरोप पाठवावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात : आपण कोण, कोणते चित्र हवे, त्यात काय बदल करणार, कोठे आणि किती दिवस लावणार, आणि मोबदला देणार की नाही.

उदाहरणार्थ : "नमस्कार. मी धुळ्याच्या एका महिला मंडळाची सचिव. आपण काढलेले आखाजीच्या झोक्याचे चित्र आम्हाला कार्यक्रमाच्या निमंत्रणासाठी हवे आहे. वरच्या मोकळ्या जागेत तारीख व ठिकाण लिहू, रंगांत बदल करणार नाही, आपली सही तशीच ठेवू. निमंत्रण फक्त व्हॉट्सॲपवर जाईल, विक्री नाही. आमच्याकडे मानधनाची तरतूद नाही. आपली हरकत नसेल तर कळवावे. नमुना आधी आपल्याला दाखवू."

असा निरोप लिहायला पाच मिनिटे लागतात. माझा अनुभव असा, की ज्याला नीट विचारले जाते, तो चित्रकार सहसा आनंदाने हो म्हणतो. कधी नाही म्हणेल, तर तो त्याचा अधिकार. आणि उत्तर आलेच नाही, तर ते 'हो' समजू नये. दुसरे चित्र शोधावे किंवा गल्लीतल्या एखाद्या मुलीकडून नवे काढून घ्यावे आणि तिला चार पैसे द्यावेत.

न विचारता वापरता येतील अशीही पुष्कळ चित्रे आहेत. मुदत संपलेली जुनी चित्रे आहेत. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाची पद्धत आहे, तीत चित्रकार स्वतःच आधी सांगून ठेवतो, की नाव देऊन वापरा, किंवा धंद्यासाठी नको, किंवा बदल करू नका. त्या अटी वाचाव्यात आणि पाळाव्यात. आणि नुसते चित्र आवडले म्हणून इतरांना दाखवायचे असेल, तर चित्रकाराच्या पानावरूनच 'शेअर' करावे. त्याचे नाव बरोबर जाते. चित्र उतरवून घेऊन आपल्या पानावर नव्याने टाकले, की ते नाव मागे राहते.

चित्रकारांनाही दोन शब्द सांगतो. चित्र टाकताना काय चालेल आणि काय चालणार नाही, ते एका ओळीत लिहावे. सही अगदी काठावर न करता चित्राच्या आत करावी. कच्ची रेखाटने, मूळ फोटो जपून ठेवावेत. वाद झाला तर तोच पुरावा. कोणी चित्र उचलले तर आधी सभ्यपणे कळवावे. ऐकले नाही, तर ज्या संकेतस्थळावर ते आहे, त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार योग्य तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत त्यांनी ते चित्र रोखायचे असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा खुले होऊ शकते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण मी म्हणेन, की पोलिस ठाण्याची पायरी ही शेवटची पायरी असावी. बहुतेक ठिकाणी समोरचा अजाण असतो.

आमचेही तसेच मिटले. त्या मुलाने चित्र काढून टाकले. दुकानदाराने, हे चित्र परवानगीवाचून वापरले होते आणि चित्रकाराचा आमच्या मालाशी संबंध नाही, असा निरोप त्याच गटांवर पाठवला. चुलतभावाचे चार हजार काही परत आले नाहीत. आता गावात माझ्या नावाने काही आले, की तो आधी मला फोन करतो आणि मगच विश्वास ठेवतो.

गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधी एक फोन आला. फ्लेक्सवाला मुलगाच होता. "सर, सर्जाचं चित्र घेऊ का? एका शाळेच्या शुभेच्छापत्रासाठी हवं आहे. फक्त वर शाळेचं नाव टाकेन, बाकी हात लावणार नाही. आधी तुम्हाला पाठवतो."

मी म्हटले, "घे. झूल लालच ठेव. आणि सही राहू दे."